बंबाच्या आधीची पाहणी

मुंबईच्या अग्निशमनाचा इतिहास सांगताना आपण बंब, शिड्या आणि जवानांचे शौर्य यांचेच वर्णन करतो, आणि ते उचितही आहे. परंतु आग लागण्यापूर्वीच इमारतीत शिरून जिना मोकळा आहे की नाही, ज्वालाग्राही माल परवान्याबरहुकूम ठेवला आहे की नाही, हे विचारण्याचा अधिकार सार्वजनिक सत्तेला कसकसा प्राप्त होत गेला, हा वृत्तान्त मला अधिक मोलाचा वाटतो.

त्याचा आरंभ १७ फेब्रुवारी १८०३ या दिवसापासून धरावा लागतो. कोटाच्या आत दाटीवाटीने वसलेल्या बाजारात त्या दिवशी आग लागली आणि ती इतकी फैलावली की, दारूगोळ्याच्या कोठारापर्यंत तिची झळ जाऊ नये म्हणून वाटेतील घरे तोफा डागून पाडावी लागली. गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्या सरकारने या अरिष्टानंतर जी तजवीज केली तिचा रोख वस्ती विरळ करण्यावर होता: पुनर्बांधणीवर देखरेख ठेवण्यासाठी समिती नेमण्यात आली, आणि रहिवाशांना कोटाबाहेर घरे बांधण्यास उत्तेजन देण्यात आले. उत्तरेकडील नगराच्या पुढच्या वाढीस या आगीने मोठीच चालना दिली. आपले घर कोठे आणि कसे बांधावे हा केवळ मालकाच्या मर्जीचा विषय नव्हे, ही गोष्ट शहराच्या कारभारात तेव्हापासून मुरू लागली.

आग विझवण्याचे काम पुढे दीर्घकाळ पोलिसांच्या अखत्यारीत राहिले. १८८७ साली ते नगरपालिकेकडे आले. लगोलग झालेल्या १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाचे कलम ३९४ मी या सर्व इतिहासातील कळीचे कलम समजतो, कारण धोकादायक जिन्नस साठवण्यास आणि धोक्याचे धंदे चालवण्यास आयुक्तांचा परवाना त्याने आवश्यक ठरवला. आणि परवाना देणाऱ्याला परवान्यातील अटी पाळल्या जातात की नाही हे पाहणे ओघानेच आले.

अटी असूनही त्या बाजूला सारल्या गेल्या म्हणजे काय होते, हे १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईने पाहिले. ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटके होती, आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या हजारो गासड्या त्याच जहाजात भरल्या होत्या. स्फोटके वाहणाऱ्या जहाजाने तांबडे निशाण लावावे असा रिवाज असता ते लावले गेले नाही, आणि युद्धाच्या निकडीपुढे व्हिक्टोरिया गोदीत त्याला जागा मिळाली. दुपारी खणातून धूर दिसला. चार वाजून गेल्यावर अर्ध्या तासाच्या आत दोन प्रचंड स्फोट झाले. आग विझवण्यास गेलेले ६६ अग्निशमन जवान मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. त्या जवानांच्या धैर्यापुढे मस्तक नमवताना, कापूस आणि स्फोटके एका जहाजात भरू देणाऱ्या घाईचा हिशेबही आपण मांडला पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

या वृत्तान्ताचा अलीकडचा टप्पा म्हणजे ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’. हा डिसेंबर २००८ पासून अमलात आला, आणि त्याने आगीपासून बचावाच्या साधनांची जबाबदारी इमारतीचा मालक किंवा भोगवटादार यांच्याच शिरावर घातली. परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा तपासून घेऊन तिचे प्रमाणपत्र, ज्याला सोसायट्यांच्या कार्यालयांत ‘बी फॉर्म’ म्हणतात, ते मालकाने वा भोगवटादाराने दरवर्षी जानेवारीत व जुलैत सादर करायचे असते. ही व्यवस्था मला मान्य आहे. मात्र कागदाने डोळ्यांची जागा घेऊ नये. मुंबईतील कमला मिलच्या आवारात २९ डिसेंबर २०१७ च्या रात्री लागलेल्या आगीत १४ माणसे दगावली, तेव्हा हा कायदा अमलात येऊन नऊ वर्षे झाली होती. दक्ष अधिकारी फाइल उघडण्याआधी गच्चीच्या दाराला कुलूप आहे का ते बघतो. जिन्यात ठेवलेली जुनी कपाटे, सायकली, मीटरच्या खोलीत कोंबलेली रद्दी हलवायला लावतो. मग वरच्या मजल्यावरील हायड्रंटला आपल्यासमोर होज जोडायला सांगून खाली पंप सुरू करवतो, आणि नळीच्या तोंडातून पाणी पुरेशा जोराने येईपर्यंत शेऱ्यावर सही करीत नाही.