कॉफीगृह आणि कोतवालाचा परवाना

दिल्लीत कॉफीचे दुकान थाटू पाहणाऱ्याला महानगरपालिकेचा आरोग्यविषयक परवाना का लागावा, हे कोणालाही समजते. पेले कुठे विसळतात, सांडपाणी कुठे जाते, दूध कसे ठेवतात, याची विचारपूस नगरसंस्थेने करायची नाही तर कोणी? पण त्याच दुकानाला पोलिसांचाही परवाना कशासाठी? सेवेत नव्याने आलेले अधिकारी हा प्रश्न मला अनेकदा विचारीत. त्याचे उत्तर इतिहासात आहे. फाइलीत ते सापडत नाही.

कॉफीगृहाला परवान्याची अट घालण्याची चाल इंग्लंडची. तिथे १६६३ च्या एका कायद्याने कॉफी विकणाऱ्यास न्यायदंडाधिकाऱ्यांचा परवाना आवश्यक केला. हेतू सरळ होता, अबकारी कर बुडू नये. पण कॉफी पिणारा माणूस शुद्धीवर असतो, बराच वेळ बसतो आणि बोलतो. त्या बोलण्याची धास्ती घेऊन दुसऱ्या चार्ल्सने डिसेंबर १६७५ मध्ये सगळी कॉफीगृहे बंद करण्याचा जाहीरनामा काढला. तेथे राजाविरुद्ध खोट्यानाट्या कंड्या पिकतात, असा आरोप होता. एवढा गहजब झाला की अंमल सुरू होण्यापूर्वीच, जानेवारी १६७६ मध्ये, राजाला जाहीरनामा मागे घ्यावा लागला. बंदी गेली, परवाना राहिला.

हीच मनोवृत्ती आपल्याकडे वसाहतीच्या पोलीस कायद्यांतून आली. सत्तावन्नच्या उठावानंतर नऊच वर्षांनी झालेल्या १८६६ च्या कलकत्ता पोलीस कायद्याने लोकांनी जमण्याच्या व करमणुकीच्या जागांना परवाने देण्याचा अधिकार पोलीस आयुक्ताच्या हाती ठेवला. स्वातंत्र्यानंतर ही चौकट बदलावी असे फारसे कोणाच्या मनात आले नाही. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यातील उपाहारगृहाच्या व्याख्येत कॉफीगृहाचा नावानिशी उल्लेख आहे, आणि १९७८ च्या दिल्ली पोलीस कायद्यानेही उपाहारगृहे पोलिसांच्याच कक्षेत ठेवली. राज्यकर्ते बदलले तरी चार माणसे एकत्र बसून काय बोलतात, हे कुतूहल काही बदलले नाही!

गंमत अशी की ज्या सरकारला कॉफीगृहाचा संशय, तेच सरकार पुढे कॉफीगृहाचे मालक झाले. मळेवाल्यांचा माल देशात खपावा म्हणून कॉफी उपकर समितीने १९३६ साली मुंबईत चर्चगेटला पहिले इंडिया कॉफी हाउस उघडले. पुढे १९४२ च्या कायद्याखाली कॉफी बोर्डाने ती साखळी चालविली. पन्नाशीच्या दशकात बोर्डाने ही गृहे बंद करण्यास घेतली, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनी सहकारी संस्था उभारल्या. बंगळूरची संस्था ऑगस्ट १९५७ मधली. दिल्लीचे कॉफी हाउस त्याच वर्षीच्या ऑक्टोबरातले.

१९५७ हे साल या कहाणीत पुन्हा पुन्हा भेटते. दिल्ली महानगरपालिका अधिनियम त्याच वर्षाचा. त्याचे कलम ४२१ खानावळ, चहाचे दुकान, कॉफीगृह, कॅफे अशी यादी देऊन प्रत्येकाला आयुक्ताचा परवाना सक्तीचा करते. दुकानात गाणी लावायची तर ज्या कायद्याखाली परवानगी घ्यावी लागते, तो कॉपीराइट कायदाही १९५७ चाच. एकेक कायदा आपल्या जागी शहाणा आहे. पण नवा परवाना आणताना जुना कोणी काढत नाही, आणि दुकानदार रिकाम्या जागेचे भाडे भरीत राहतो.

परवाना असला म्हणून जागा सुरक्षित असते असेही नाही. कनॉट प्लेसचे ते गजबजलेले कॉफी हाउस आणीबाणीत १९७६ साली पाडले गेले. आज तिथे पालिका बाजार आहे. कॉफी हाउस मोहनसिंग प्लेसच्या वरच्या मजल्यावर गेले.

कॉफीच्या व्यापारावरील बंधन मात्र खरोखर सुटले. १९४२ च्या कायद्याने मळेवाल्याला घरखर्चापुरते व बियाण्यापुरते सोडून सगळे पीक बोर्डाच्या सामायिक साठ्यात घालावे लागे. ही सक्ती १९९२ पासून सैल होत १९९६ मध्ये संपली. बंगळूरच्या ब्रिगेड रोडवर कॅफे कॉफी डे उघडले ते त्याच साली, हे लक्षात ठेवण्याजोगे. बी खुली झाली. पेला मात्र परवान्यांतच अडकलेला राहिला.

म्हणून सगळेच परवाने फेकून द्या, असे मी म्हणणार नाही. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईच्या कमला मिल आवारात गच्चीवरील उपाहारगृहाला आग लागून चौदा माणसे गेली. दिल्लीत पन्नास वा अधिक आसने असलेल्या उपाहारगृहाला अग्निशमन दलाचा दाखला लागे. परिणामी नकाशांत अठ्ठेचाळीस नाहीतर एकोणपन्नास खुर्च्या दिसू लागल्या. कागदावर खुर्च्या मोजणे सोपे. जिना मोकळा आहे का, हे पाहायला जागेवर जावे लागते, आणि तेवढी माणसे आपण कधी नेमलीच नाहीत.

जून २०२५ मध्ये दिल्लीच्या नायब राज्यपालांनी उपाहारगृहांसह सात प्रकारच्या व्यवसायांना परवाने देण्याचे पोलिसांचे अधिकार काढून घेतले. गुन्हे आणि बंदोबस्त यांसाठी मनुष्यबळ मोकळे व्हावे, हे कारण त्यामागे दिले गेले. या सुधारणेचे मी स्वागत करतो. फक्त पोलिसांकडून सुटलेली फाइल दुसऱ्या टेबलावर तितकेच दिवस पडून राहू नये, यावर वरिष्ठांनी पहिली दोन-तीन वर्षे लक्ष ठेवायला हवे.