राष्ट्रपतिपदाची निवडणूक : विजेते आणि त्यांचे प्रतिस्पर्धी

भारताचे पहिले राष्ट्रपती कोण, हा प्रश्न पाचवीतल्या कोणत्याही मुलाला विचारा, 'डॉ. राजेंद्रप्रसाद' हे उत्तर तो झोपेतही देईल. पण १९५२ साली त्यांच्याविरुद्ध कोण उभे होते, असे विचारले तर शिक्षकांच्या खोलीतही शांतता पसरण्याचा संभव आहे. सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत विजेत्यांची यादी असते आणि पराभूतांना तिथे जागा नसते. ही निवडणूक म्हणजे एक उपचार, निकाल आधीच ठरलेला, असा आपला समज झाला आहे तो त्यामुळेच. १९५२ पासून २०२२ पर्यंतच्या सोळा निवडणुका पाहिल्या तर हा समज बराचसा खराही ठरतो. तरीही हरणाऱ्यांची यादी विजेत्यांच्या यादीशेजारी मांडून पाहिली की देशाने वेळोवेळी स्वतःला कोणते प्रश्न विचारले, ते दिसू लागते.

प्रथम थोडे गणित. राष्ट्रपतीला आपण थेट निवडत नाही. संसदेच्या दोन्ही सभागृहांचे आणि राज्यांच्या विधानसभांचे निवडून आलेले सदस्य त्याला निवडतात. १९९२ च्या सत्तराव्या घटनादुरुस्तीने दिल्ली आणि पाँडिचेरीच्या आमदारांनाही हा हक्क मिळाला. सर्वांच्या मतांचे मूल्य मात्र सारखे नसते. राज्याच्या लोकसंख्येला निवडून आलेल्या आमदारांच्या संख्येने भागायचे आणि आलेल्या उत्तराला पुन्हा हजाराने भागायचे. तेच त्या राज्यातील एका आमदाराच्या मताचे मूल्य. आपल्या भागातल्या वाचकांना हे उदाहरणाने चटकन उमजेल. चंदगड, खानापूर आणि वाळपई या तिन्ही गावांना एका दिवसात जाऊन येता येते. पण चंदगडच्या आमदाराच्या मताचे मूल्य १७५, खानापूरच्या आमदाराचे १३१ आणि वाळपईच्या आमदाराचे अवघे २०! यात अन्याय काही नाही. गोव्याचा आमदार कमी माणसांचा प्रतिनिधी असतो, म्हणून त्याचे वजन कमी. खासदारांच्या एकूण मतांचे वजन आमदारांच्या एकूण वजनाइतके व्हावे, अशी तजवीज घटनेने केली आहे. २०२२ मध्ये प्रत्येक खासदाराच्या मताचे मूल्य ७०० होते. केंद्र आणि राज्ये यांचा तराजू समतोल राहावा, हा यामागचा विचार.

या हिशेबात धरलेली लोकसंख्या १९७१ च्या जनगणनेची आहे. बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने १९७६ साली हा आकडा गोठवला आणि पुढे चौऱ्याऐंशीव्या दुरुस्तीने २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत ती मुदत वाढवली. म्हणजे १९७१ नंतर जन्मलेला एकही माणूस या गणितात मोजलेला नाही. कुटुंबनियोजन मनावर घेणाऱ्या राज्यांचे वजन घटू नये, हा त्यामागचा हेतू. ही गाठ सुटेल तेव्हा कोणाचे पारडे जड होणार, हा प्रश्न दक्षिणेकडील राज्यांना आजच अस्वस्थ करतो आहे.

आता इतिहासाकडे वळू. राजेंद्रबाबूंना १९५० च्या जानेवारीत घटना समितीने बिनविरोध निवडले होते. खरी निवडणूक झाली ती १९५२ च्या मे महिन्यात. त्यांना ५,०७,४०० मूल्याची मते पडली. त्यांचे प्रमुख प्रतिस्पर्धी होते मुंबई विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवलेले प्रा. के. टी. शहा, त्यांना ९२,८२७ मते मिळाली. लक्ष्मण गणेश थत्ते या मराठी नावाच्या उमेदवारालाही २,६७२ मते पडली. शहांची गंमत अशी की, राष्ट्रपती जनतेने प्रौढ मतदानाने थेट निवडावा, असा आग्रह त्यांनी घटना समितीत धरला होता. तो फेटाळला गेला आणि ज्या पद्धतीला त्यांचा विरोध होता त्याच पद्धतीने ते उभे राहिले व हरले. थेट निवडलेला राष्ट्रपती आणि लोकसभेला जबाबदार असलेला पंतप्रधान, अशा दोन तलवारी एका म्यानात राहणार नाहीत, हे घटनाकारांनी ओळखले होते.

१९५७ आणि १९६२ या निवडणुका एकतर्फीच झाल्या. डॉ. राधाकृष्णन् यांना १९६२ मध्ये ५,५३,०६७ मते पडली, तर चौधरी हरिराम यांना ६,३४१. हे हरिराम १९५२ पासून दर खेपेला उभे राहत. हसण्यावारी नेण्याजोगी ही गोष्ट असली, तरी त्यांच्यासारख्यांमुळेच त्या दोन निवडणुका बिनविरोध झाल्या नाहीत, हेही खरे.

पहिली खरी झुंज १९६७ ची. काँग्रेसचे उमेदवार डॉ. झाकिर हुसेन. त्यांच्याविरुद्ध के. सुब्बाराव सरन्यायाधीशपदाचा राजीनामा देऊन उभे राहिले. मूलभूत हक्कांना संसद हात लावू शकत नाही, असा गोलकनाथ खटल्याचा निकाल त्यांच्या न्यायासनाने त्याच वर्षी फेब्रुवारीत दिला होता. हुसेन यांना ४,७१,२४४ आणि सुब्बाराव यांना ३,६३,९७१ मते मिळाली. पहिल्या पसंतीच्या मतांत एवढा मोठा वाटा आजवर दुसऱ्या कोणाही पराभूताला मिळालेला नाही. सतरा उमेदवारांपैकी नऊ जणांना मात्र एकही मत पडले नाही.

झाकिर हुसेन यांचे ३ मे १९६९ रोजी पदावर असतानाच निधन झाले आणि या पदाच्या इतिहासातील सर्वांत नाट्यमय प्रकरण सुरू झाले. जुलैमध्ये बंगळूरला काँग्रेसच्या श्रेष्ठींनी नीलम संजीव रेड्डी यांचे नाव ठरवले. इंदिरा गांधींना ते मनापासून मान्य नव्हते. प्रभारी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या वटहुकुमावर सही केली आणि दुसऱ्याच दिवशी राजीनामा देऊन ते अपक्ष म्हणून उभे राहिले. सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत द्या, असे आवाहन इंदिराबाईंनी केले. ज्यांना उद्देशून ते होते त्यांना त्याचा अर्थ बरोबर कळला.

तिसरे उमेदवार होते आपले चिंतामणराव देशमुख. महाडजवळच्या नाते गावचा जन्म. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, नंतर केंद्रीय अर्थमंत्री. १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडले, ते वर्ष आपल्या भागात कोणी विसरणे शक्य नाही. १९६९ मध्ये स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांनी त्यांना पाठिंबा दिला होता. ते जिंकणार नाहीत, हे सर्वांना दिसत होते. पण या निवडणुकीत मतदाराने उमेदवारांपुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहायचे असतात, आणि खरे नाट्य त्या '२' मध्ये होते. काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा, म्हणजे म्हैसूरचे माजी मुख्यमंत्री, यांनी स्वतंत्र व जनसंघाच्या नेत्यांशी बोलणी केली ती त्या दोन पक्षांची दुसरी पसंती रेड्डींना मिळावी म्हणून.

पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मते पडली. जिंकायला हवी होती ४,१८,१६९. गिरींना १६,६५४ कमी पडत होती. देशमुखांखालच्या सर्व किरकोळ उमेदवारांची मते मिळून ८,५०५ भरत होती. (त्यांत पां. ना. राजभोज यांची ८३१ मते होती.) ती सगळीच्या सगळी गिरींना मिळाली असती तरी कोटा पुरा झाला नसता. गणित स्पष्ट आहे : देशमुखांना पहिली पसंती देणाऱ्या काही जणांनी त्यांच्याखालचा पसंतीक्रम गिरींना दिला, तेव्हाच गिरी त्या रेषेपलीकडे गेले. शेवटचा हिशेब झाला गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७. कोट्याहून फक्त १,९०८ अधिक! नोव्हेंबरात काँग्रेस दुभंगली. निकालाला आव्हान मिळाले आणि गिरींनी सर्वोच्च न्यायालयात हजर राहून साक्ष दिली. १९७० मध्ये ते अर्ज फेटाळले गेले. सोळा निवडणुकांत दुसरी पसंती मोजावी लागली ती ही एकच.

हौशी उमेदवारांची गर्दी कमी व्हावी म्हणून १९७४ मध्ये दहा सूचक, दहा अनुमोदक आणि अडीच हजार रुपये अनामत असा नियम झाला. १९९७ मध्ये तो पन्नास-पन्नास आणि पंधरा हजारांवर गेला. १९७४ चे विजेते फक्रुद्दीन अली अहमद. आणीबाणीच्या घोषणेवर २५ जून १९७५ रोजी त्यांचीच सही झाली. फेब्रुवारी १९७७ मध्ये ते निवर्तले आणि काही महिने देशाचा कारभार ज्यांच्या सहीने चालला, ते बी. डी. जत्ती आपल्या शेजारचे. जमखंडी तालुक्यातील सावळगी हे त्यांचे गाव. कायद्याचे शिक्षण कोल्हापुरात. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात मंत्री, मग मुंबईच्या विधानसभेत आमदार, पुढे म्हैसूरचे मुख्यमंत्री आणि उपराष्ट्रपती. नऊ विधानसभा बरखास्त करण्याच्या जनता सरकारच्या सल्ल्यावर सही करताना ते थबकले आणि मग त्यांनी सही केली. त्या थबकण्याची चर्चा पुष्कळ झाली; पण राष्ट्रपतीचा हात कुठवर पोहोचतो, हे त्या प्रसंगाने सर्वांना दाखवून दिले. पुढे चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मंत्रिमंडळाचा सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याचा अधिकार राष्ट्रपतीला लेखी दिला आणि १९९७ मध्ये के. आर. नारायणन् यांनी उत्तर प्रदेशाच्या बाबतीत तो वापरूनही दाखवला.

१९७७ साली ३७ अर्ज आले, ३६ बाद झाले आणि एकच उरला. तो होता १९६९ च्या पराभूताचा, संजीव रेड्डींचा. पराभूत आणि विजेता या दोन्ही याद्यांत नाव असलेले ते एकटेच. १९८२ मध्ये झैलसिंग यांच्याविरुद्ध उभे होते न्या. ह. रा. खन्ना. आणीबाणीतही माणसाच्या जगण्याच्या हक्कासाठी न्यायालयाचे दार उघडे हवे, असा एकट्याचा विरोधी निकाल त्यांनी १९७६ मध्ये दिला आणि सरन्यायाधीशपदाला ते मुकले. त्यांना २,८२,६८५ मते मिळाली. २००२ मध्ये डॉ. कलाम यांच्या बाजूने जवळजवळ सगळा देश होता. तरीही सत्त्याऐंशी वर्षांच्या कॅप्टन लक्ष्मी सहगल यांनी निवडणूक लढवली. झाशीच्या राणीचे नाव लावणाऱ्या पलटणीची ती नायिका बिनविरोध निवडीला सहजी वाट देणार नव्हती.

मराठी मतांचा खेळही येथे वेगळाच. १९९७ मध्ये शिवसेनेने टी. एन. शेषन यांना उचलून धरले. २००७ मध्ये आघाडीची शिस्त बाजूला ठेवून जळगावच्या प्रतिभाताई पाटील यांना मते दिली. या मतदानाला पक्षादेश लागू होत नाही आणि मतदान गुप्त असते, हे येथे ध्यानात ठेवावे. प्रतिभाताईंना ६,३८,११६ आणि भैरोंसिंह शेखावत यांना ३,३१,३०६ मते पडली. देशाला पहिली महिला राष्ट्रपती मिळाली. २०२२ मध्ये द्रौपदी मुर्मू यांनी यशवंत सिन्हा यांचा पराभव केला आणि या पदावर प्रथमच आदिवासी समाजातील व्यक्ती आली.

शहा, सुब्बाराव, देशमुख, खन्ना, सहगल ही नावे एका ओळीत वाचली की ध्यानात येते, हरणार हे माहीत असूनही ही माणसे उभी राहिली. थेट निवडणूक, मूलभूत हक्क, कायद्याचे राज्य असे काहीतरी प्रत्येकाला नोंदवायचे होते. निवडणुकीत विजयाइतकेच नोंदीलाही मोल असते. सीमेवरच्या, संख्येने थोड्या असलेल्या माणसांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. आपले मत हरणाऱ्या पेटीत पडणार हे ठाऊक असूनही रांगेत उभे राहणारे वडीलधारे आपण घरोघरी पाहिले आहेत. आणि १९६९ ने एक गोष्ट कायमची सांगून ठेवली आहे : तिसऱ्या क्रमांकावर राहिलेल्याच्या मतपत्रिकाही कधी कधी पहिला कोण ते ठरवतात.