चेंडू कुणी दिला?

‘लगान’ची गोष्ट घडते ती 1893 साली, चंपानेर नावाच्या खेड्यात. त्याच सुमारास पुण्यात, युरोपियन साहेबांच्या पूना क्लबच्या मैदानावर, सोळा-सतरा वर्षांचा एक चर्मकार मुलगा रोलर ओढत होता, जाळी बांधत होता, खेळपट्टीवर चुन्याच्या रेघा मारत होता. महिन्याचा पगार चार रुपये. त्याआधी एका पारशी क्लबात झाडलोट करण्याचे त्याला तीन मिळत. मुलाचं नाव बाळू पालवणकर. पुढे तो मुंबईला आला आणि तिथल्या मैदानांवर त्याचं नाव वीस-पंचवीस वर्षं गाजत राहिलं. ‘लगान’मधला कचरा पाहताना बाळूची आठवण अनेकांना झाली आहे, आणि ते साहजिकच आहे : दोघंही अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतले, दोघंही फिरकी गोलंदाज, आणि साहेबाला हरवायचं तर दोघांच्याही हातात चेंडू द्यावाच लागला. प्रश्न आहे तो चेंडू कुणी, कसा आणि किती काळाने दिला, हा. चित्रपटाने आणि मुंबईच्या इतिहासाने या प्रश्नाची उत्तरं वेगवेगळी दिली आहेत. ‘लगान’ला मिळालेलं प्रेम योग्य की अयोग्य, याचा निवाडा माझ्या मते याच फरकावर करायला हवा.

आशुतोष गोवारीकर यांचा हा चित्रपट 15 जून 2001 रोजी प्रदर्शित झाला आणि पुढच्या वर्षी ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचला. पावणेचार तासांचा चित्रपट, त्यातला मोठा भाग एका सामन्याचा, आणि तरी प्रेक्षक जागचा हलत नाही. हे कौशल्य निर्विवाद आहे. नितीन चंद्रकांत देसाई यांनी कच्छच्या माळावर उभं केलेलं गाव खरं वाटतं, आणि क्रिकेटचे नियम ठाऊक नसलेल्यालाही शेवटच्या षटकात श्वास रोखायला लागतो. एवढ्यापुरतं हे प्रेम चित्रपटाने कमावलेलंच आहे. पण त्याची ख्याती इथे थांबत नाही. जातीचा प्रश्न धीटपणे हाताळणारा चित्रपट म्हणूनही तो वाखाणला गेला, आणि त्या कौतुकाचा सगळा आधार एकाच प्रसंगात आहे. सीमेपलीकडे गेलेला चेंडू कचरा आपल्या अधू हाताने परत फेकतो, तो विलक्षण वळतो, गावाच्या संघाचा म्होरक्या भुवन त्याला संघात घ्यायचं म्हणतो, गाव बिथरतं, आणि मग भुवन रामाने खाल्लेल्या शबरीच्या बोरांची आठवण देत एक भाषण करतो. भाषण संपतं तेव्हा अस्पृश्यताही संपलेली असते. नंतर सामन्याच्या दुसऱ्या दिवशी कचरा हॅटट्रिक घेतो आणि प्रेक्षागृहात टाळ्या पडतात.

या प्रसंगात दोन गोष्टी खटकतात. पहिली म्हणजे कचऱ्याची फिरकी त्याच्या अपंगत्वातून आली आहे. तो ती शिकलेला नाही, तिच्यासाठी त्याने घाम गाळलेला नाही. ती त्याच्या देहाला चिकटलेली एक नवलाई आहे, आणि ती ओळखण्याचं श्रेय भुवनचं. बाळूची फिरकी आली ती रोजच्या मेहनतीतून. क्लबचे साहेब सरावाला येत तेव्हा त्यांना गोलंदाजी टाकायला कुणीतरी हवं असे. बाळूने तासन् तास, महिनोन् महिने ती टाकली. जे. जी. ग्रेग हा त्या काळचा नावाजलेला इंग्रज फलंदाज आपल्याला बाद केल्याबद्दल बाळूला दर खेपेस आठ आणे देत असे, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, त्या जाळ्यांत बाळूला फलंदाजी मात्र कधी मिळाली नाही. बॅट साहेबाची, चेंडू नोकराचा. डावखुऱ्या हाताची ती अचूक टप्प्याची गोलंदाजी म्हणजे नोकरीतून कमावलेली कारागिरी होती. तिला दैवी देणगी ठरवलं की त्या मुलाचे कष्ट पुसले जातात.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. खऱ्या आयुष्यात असं एका भाषणाने काहीच झालं नाही. पुण्याच्या हिंदू क्लबाला युरोपियनांना हरवायचं होतं आणि बाळूखेरीज ते जमणार नव्हतं. यावरून क्लबात तट पडले : तेलुगू सभासद बाळूच्या बाजूने, ब्राह्मण सभासदांपैकी काही विरोधात. शेवटी बाळूला घेतलं. मैदानावर चेंडू सगळ्यांनी हाताळायचा, पण चहाची वेळ झाली की बाळूला तो मंडपाबाहेर, फेकून देण्याच्या मातीच्या भांड्यात मिळे आणि जेवणाचं ताट वेगळ्या जागी मांडलं जाई. विजयाच्या दिवशीसुद्धा हीच व्यवस्था. क्रिकेटच्या मैदानावर स्पर्शाची मर्यादा पांढऱ्या रेघेपुरती सैल झाली होती, आणि रेघ ओलांडली की ती जशीच्या तशी परत येत होती. चित्रपटात ही रेघ दिसतच नाही, कारण तिथे एकदा मन जिंकलं की बाकीचं आपोआप जिंकलं जातं. भावुकता म्हणतात ती हीच. अश्रू येण्यात काहीच वाईट नाही. पण ‘लगान’मध्ये ते वेळेच्या आधी येतात.

मुंबईचं चित्र समजून घ्यायचं तर मैदानांपासून सुरुवात करावी लागते. चंपानेरमध्ये साहेब आणि रयत यांच्यातला वाद पैजेने सुटतो. मुंबईत तो अर्जांनी लढला गेला. एस्प्लनेडवर, म्हणजे आजच्या आझाद मैदानाच्या परिसरात, पारशी आणि हिंदू मुलं खेळत त्याच जागेवर बॉम्बे जिमखान्याचे गोरे सभासद घोड्यांवर बसून पोलो खेळत, आणि टापांनी खेळपट्ट्यांचा चिखल होई. 1881 पासून एतद्देशीय खेळाडूंनी सरकारकडे निवेदनांमागून निवेदनं पाठवली. शापूरजी सोराबजी यांनी या भांडणाचा इतिहास 1897 साली पुस्तकरूपाने छापला. मधल्या काळात, जानेवारी 1890 मध्ये, पारशांनी व्हर्ननच्या इंग्लिश संघाला चार गडी राखून हरवलं. खरोखरच्या ‘लगान’सारखा प्रसंग शोधायचा तर तो हा. अखेर केनेडी सी फेसवर, समुद्रालगतच्या पट्ट्यात, जिमखान्यांना जागा मिळाल्या, पण धर्मवार : पारशांना वेगळी, मुसलमानांना वेगळी, हिंदूंना वेगळी. 1894 चा परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना त्यातलाच. रुळांच्या अलीकडे हा जिमखाना, पलीकडे गिरगाव.

चित्रपटात भुवनच्या संघात इस्माईल आहे, शीख देवा आहे, सगळे एकाच बाजूचे. मुंबईच्या मोठ्या स्पर्धेत हा संघ उभाच राहू शकला नसता. 1907 साली युरोपियन, पारशी आणि हिंदू यांची तिरंगी सुरू झाली, 1912 मध्ये मुसलमानांचा संघ आल्यावर ती चौरंगी झाली, 1937 मध्ये ‘द रेस्ट’ हा संघ येऊन पंचरंगी झाली आणि 1946 मध्ये बंद पडली. धर्मावर संघ बांधायचे ठरल्यामुळे एक अवघड प्रश्न हिंदू जिमखान्याच्या दारात येऊन उभा राहिला : हिंदू संघात हिंदू म्हणून कोण? देवळात जे उत्तर मिळत होतं ते मैदानावर देऊन चालणार नव्हतं, कारण तिथे धावफलक होता. 1896 च्या सुमारास मुंबईत आलेल्या बाळूंना घेण्यावरून इथेही काही सभासदांनी खळखळ केली. तरी त्यांना घेतलं गेलं.

फेब्रुवारी 1906 मध्ये बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदूंनी युरोपियनांना 109 धावांनी हरवलं. बाळू आणि त्यांचे धाकटे भाऊ शिवराम, दोघंही त्या विजयाचे मानकरी होते. ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ने या विजयाची बातमी केवळ खेळाची म्हणून घेतली नाही. जातीचे निर्बंध बाजूला ठेवल्यानेच हा विजय शक्य झाला, असं त्याने लिहिलं. 1911 मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला, पण बाळूंनी सगळे सामने मिळून 114 बळी घेतले. परतल्यावर मुंबईत दलित समाजाने त्यांचा सत्कार केला आणि त्या सभेत मानपत्र दिलं ते एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकर यांनी.

एवढं होऊनही कर्णधारपद नाही. ‘लगान’ची गोष्ट कचऱ्याच्या संघप्रवेशाशी थांबते, आणि मुंबईत मूळ झगडा सुरू झाला तो तिथून पुढे. गोलंदाजी टाकायला अस्पृश्य चालतो, पण त्याने हुकूम दिलेला चालतो का? वर्षानुवर्षं बाळूंच्या नावाची मागणी होत राहिली आणि जिमखान्याची समिती दुसऱ्याचं नाव काढत राहिली. एम. डी. पै यांनी स्वतः कर्णधार असताना हा मान ज्येष्ठ म्हणून बाळूंना मिळायला हवा होता असं जाहीरपणे सांगितलं, ही त्या माणसाची थोरवी. पण त्यांच्या सांगण्याने समिती हलली नाही. ती हलली 1920 साली. पै आजारी, कर्णधार म्हणून दि. ब. देवधर यांचं नाव जाहीर, आणि बाळू संघाबाहेर. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या दोघा भावांनी खेळायला नकार दिला आणि आपली बाजू वृत्तपत्रांत मांडली. जातीमुळे डावललं जातंय हे त्यांनी उघड लिहिलं. लोकमत त्यांच्या बाजूला झुकलं. पुढच्या सामन्यासाठी पै कर्णधार, बाळू उपकर्णधार अशी तडजोड झाली, आणि पै यांनी मैदान सोडून काही काळ नेतृत्व बाळूंकडे दिलं. तीन वर्षांनी, 1923 मध्ये, विठ्ठल हिंदू संघाचे रीतसर कर्णधार झाले आणि त्या वर्षी हिंदूंनी युरोपियनांना नमवून चौरंगी जिंकली.

बाळू मुंबईत आल्यापासून विठ्ठलच्या नाणेफेकीपर्यंत सुमारे सत्तावीस वर्षं जातात. या वाटेवर भुवनसारखी माणसं भेटतात, पण निर्णायक वळण घेतलं ते कचऱ्याच्या भावांनी. त्यांच्या हातात होतं ते एकच हत्यार, आम्ही खेळत नाही. गिरणगावाला ते हत्यार चांगलं ठाऊक होतं. 1920 च्या सुरुवातीलाच मुंबईच्या गिरण्यांत मोठा संप झाला होता. पालवणकर बंधूंनी त्यावरून काही घेतलं असं म्हणायला पुरावा नाही, पण हात आखडून न्याय मागायची रीत त्या शहरात, त्या वर्षी परकी नव्हती. ‘लगान’मध्ये कचरा नाही म्हणू शकत नाही. तो होही म्हणत नाही. सगळं गाव त्याच्याबद्दल बोलतं, आणि तो हात जोडून उभा असतो.

यावर पहिला आक्षेप येईल की चित्रपट हा इतिहासाचा ग्रंथ नव्हे, त्याला थोडक्यात सांगावं लागतं. मान्य. पण पावणेचार तासांत थोडक्यात सांगण्याची सक्ती नव्हती. गाण्यांना, गोऱ्या एलिझाबेथच्या अबोल प्रेमाला, संघातल्या लाखाच्या फितुरीला आणि पश्चात्तापाला भरपूर वेळ मिळाला. फितुराला मनाची उलघाल मिळाली आणि अस्पृश्याला मिळाली नाही, हा लेखकाने केलेला निवाडा आहे. दुसरा आक्षेप असा की निदान कचरा पडद्यावर आला तरी, इतरांनी तेवढंही केलं नाही. हेही खरं, आणि म्हणूनच ‘लगान’ टाकाऊ ठरत नाही. हॅटट्रिक घेणारा कचरा पाहून कुणाला बाळूंचा शोध घ्यावासा वाटला असेल, तर ते या चित्रपटाचं पुण्यच.

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे, आणि तो खुद्द बाळूंच्या आयुष्यातून येतो. सवर्णांचं मन पालटेल, या विश्वासावर बाळू उत्तरायुष्यात उभे राहिले. 1932 च्या पुणे कराराच्या सह्यांत त्यांची सही आहे. 1935 मध्ये बाबासाहेबांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली ती त्यांना पटली नाही. आणि 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना भायखळा-परळ मतदारसंघात बाबासाहेबांच्या विरुद्ध उभं केलं. पंचवीसएक वर्षांपूर्वी ज्याने मानपत्र दिलं, त्याच्याशीच लढत. मग भुवनचं भाषण हे बाळूंच्याच श्रद्धेचं चित्र नाही का? काही अंशी आहे. पण बाळूंची ती श्रद्धा त्यांची स्वतःची होती. ती त्यांनी सभांत मांडली, तिच्यासाठी मतं मागितली, तिच्यासाठी हार पत्करली. आंबेडकरांना 13,245 मतं पडली, बाळूंना 11,225. गिरणी कामगारांच्या त्या वस्तीत, स्वतः बाबासाहेब ज्या परळच्या चाळीत अनेक वर्षं राहिले होते तिथेच, मन पालटण्याची वाट पाहायची की हक्क मागायचा, हा वाद दलित समाजाने आपसांत, मतपेटीने लढवला. 2,020 मतांचा फरक सांगतो की तो एकतर्फी नव्हता. बाळूंशी सहमत व्हायचं की नाही हा वेगळा प्रश्न. पण त्यांच्या बाजूने बोलायला त्यांना दुसऱ्या कुणाची गरज नव्हती.

बाळू 1955 साली गेले. त्याआधी सात वर्षं, 1948 मध्ये, विठ्ठल यांचं ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मुंबईत प्रसिद्ध झालं. भावांबद्दल, जिमखान्याबद्दल, डावलल्याबद्दल आणि जिंकल्याबद्दल त्यांनी ते मराठीत, स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवलं. ‘लगान’च्या आधी त्रेपन्न वर्षं ते पुस्तक इथे होतं.