रेकॉर्डर वृंद
रेकॉर्डर या यूरोपीय सुषिर वाद्याच्या लहानमोठ्या आकारांचा वादकसमूह. रेकॉर्डर सनईप्रमाणे उभा धरतात. त्याच्या तोंडात लाकडी गुडदी बसवलेली असून तिच्यालगतच्या अरुंद फटीतून फुंक थेट एका धारदार कडेवर आदळते व नाद उमटतो. महाराष्ट्रातील अलगुजातही हेच तत्त्व आढळते. वाद्याला पुढे सात व मागे आंगठ्यासाठी एक अशी छिद्रे असतात. बासरीवादकाला ओठांनी फुंकेस जे वळण द्यावे लागते, ते येथे वाद्यच देते. त्यामुळे पहिला स्वर लहान मुलालाही काढता येतो. मात्र या सोयीतच वाद्याची मर्यादा दडलेली आहे. फुंक वाढवली, की नाद मोठा होण्याबरोबर स्वरही चढतो. कमी केली, की तो उतरतो. त्यामुळे चारपाच रेकॉर्डर एकमेकांच्या सुरात ठेवणे हे एकल वादनापेक्षा कठीण काम असून वृंदाचा कस बोटांपेक्षा श्वासाच्या समतेत लागतो.

प्रबोधनकालीन बहुस्वरी संगीतात प्रत्येक गानपंक्तीस सारखाच मान असे. अशा संगीताला एकाच नादगुणाच्या उंच, मध्यम व खर्ज वाद्यांचे कुटुंब अनुरूप ठरले. पॅरिसचा मुद्रक प्येर आतेन्याँ याने १५३३ मध्ये छापलेल्या गीतसंग्रहांत कोणती गीते आडव्या बासरीस व कोणती रेकॉर्डरला योग्य, हे खुणांनी दर्शविले. सिल्व्हेस्त्रो गानास्सी याचा रेकॉर्डरवादनावरील ग्रंथ व्हेनिस येथे १५३५ मध्ये प्रसिद्ध झाला. वादकाने मानवी कंठाचे अनुकरण करावे, हा त्याचा आग्रह होता. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या मृत्यूनंतर, १५४७ मध्ये केलेल्या मोजदादीत सत्तराहून अधिक रेकॉर्डर आढळले. व्हेनिसहून त्याच्या सेवेत आलेल्या बास्सानो बंधूंनी उभारलेला वृंद १६३० पर्यंत राजदरबारी टिकला. मिखाएल प्रेटोरिउस याने १६१९ मध्ये आठ आकारांच्या एकवीस रेकॉर्डरांचा पूर्ण संच वर्णिला आहे. तो व्हेनिसहून सुमारे ८० टालरला मिळत असे.

याच शतकात हे संगीत पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आले. १५१० मध्ये गोवा जिंकल्यावर चर्चच्या उपासनेसाठी गायक-वादकांची गरज पडू लागली आणि ती यूरोपातून येणाऱ्या माणसांवर भागणारी नव्हती. १५४५ पासून चर्चना जोडून शाळा निघाल्या व त्यांत लेखनवाचनासोबत संगीतही शिकविले जाऊ लागले. जेझुइटांच्या पत्रांत ऑर्गनबरोबर ‘शारामेला’ व ‘फ्लाउता’ यांचे उल्लेख येतात. शारामेला हे सनईच्या जातीचे वाद्य. फ्लाउता या शब्दाचा अर्थ आज आडवी बासरी असा घेतला जात असला, तरी त्या काळात त्याने बहुधा रेकॉर्डरच सूचित होई. या नामसाम्यामुळे वाचकाची फसगत होण्याचा संभव असतो. अकबराने १५७५ मध्ये गोव्यास पाठविलेला हाजी हबीबुल्ला दोन वर्षांनी परतला, तेव्हा तेथील वाद्ये व वादक त्याच्याबरोबर होते. त्यांतील ऑर्गनने दरबार चकित झाल्याची नोंद आहे. १६६३ मध्ये कार्मेलाइट बिशप जुझेप्पे सेबास्तियानी याने जुन्या गोव्यातील बॉम जेझूस चर्चमध्ये सात गायकवृंदांचे गायन ऐकले, तेव्हा आपण रोममध्येच आहोत, असे त्याला वाटले. ज्या राजवटीत धर्मांतरितांच्या लग्नकार्यांतील देशी वाद्यांवर बंदी घातली गेली, तिच्याच शाळांत देशी मुले हे संगीत शिकली, ही बाब नजरेआड करता येत नाही. पुढे गोव्याच्या चर्चसंगीतात व्हायोलिन प्रमुख झाले. स्वरलेखन वाचण्याची शाळेतील शिस्त मात्र टिकली आणि तिच्याच बळावर विसाव्या शतकात गोमंतकीय वादकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीतातील वाद्यवृंद उभे केले.

यूरोपातही रेकॉर्डर मागे पडला. मोठी सभागृहे व वाद्यवृंद यांच्या अठराव्या शतकात नाद चढविण्या-उतरविण्याची क्षमता आवश्यक ठरली; ती आडव्या बासरीत होती. वाद्य निकृष्ट म्हणून गेले, असे म्हणणे चुकीचे आहे. श्रोत्यांची अपेक्षा बदलली.

आर्नल्ड डॉल्मेच (१८५८–१९४०) याच्याजवळचा प्येर ब्रेसाँच्या घडणीचा जुना रेकॉर्डर १९१९ मध्ये लंडनच्या वॉटर्लू स्थानकावर हरवला. उरलेल्या मोजमापांवरून त्याने नवा घडविला आणि पुढे विविध आकारांचा संच सिद्ध केला. १९२५ पासून हॅझलमेअर येथील महोत्सवात जुने संगीत मूळ वाद्यांवर ऐकू येऊ लागले. पाउल हिंडेमिट याने १९३२ मध्ये तीन रेकॉर्डरांसाठी रचना केली. शाळांतून झालेल्या प्रसारामुळे मात्र हे मुलांचे वाद्य होय, असा समज रूढ झाला. तो दूर करण्यात डच वादक फ्रान्स ब्रूखेन (१९३४–२०१४) याचा वाटा मोठा आहे. त्याच्यासाठी ल्युचानो बेरिओ याने १९६६ मध्ये लिहिलेल्या ‘जेस्ती’ या एकल रचनेत बोटे व तोंड यांच्या क्रिया एकमेकींपासून मुद्दाम तोडल्या आहेत. ब्रूखेनने दोन सहकाऱ्यांसह १९७२ मध्ये ‘सावर क्रीम’ हा त्रयवृंद स्थापन केला. १९७८ मध्ये ‘अ‍ॅम्स्टरडॅम लूकी स्टारडस्ट’ हा चतुष्कवृंद निघाला. अशा वृंदांच्या कार्यक्रमांत सोळाव्या शतकातील रचनेशेजारी नवी रचना सहज बसते, कारण मधल्या दीड-दोन शतकांचे संगीत या वाद्यासाठी जवळजवळ लिहिलेच गेलेले नाही. खर्ज स्वरांसाठी पेट्झोल्ड बंधूंनी प्लायवुडचे चौकोनी नळीचे रेकॉर्डर बनविले. मनुष्याच्या उंचीचे हे वाद्य दिसायला बेढब आहे. परंतु त्याच्या छिद्रांवरील झाकणांचे ठोके व फुंकेची फुसफुस यांचाही आधुनिक रचनाकार स्वराइतकाच उपयोग करतात.