पेशीसिद्धांताची जडणघडण आणि पेशीच्या लघुत्वाचा प्रश्न : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
पेशी हा सजीवसृष्टीचा मूलभूत घटक आहे, हे विधान आज शालेय पाठ्यपुस्तकातही आढळते. या सिद्धांताचे श्रेय सामान्यतः श्लायडेन आणि श्वान या दोन नावांना देऊन विषय संपविला जातो. प्रस्तुत लेखात या सिद्धांताची ऐतिहासिक वाटचाल आणि पेशी लहानच का राहते, या प्रश्नाशी असलेला तिचा संबंध तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

पेशीचा शोध व पेशीसिद्धांत :
इ. स. १६६५ मध्ये रॉबर्ट हुक यांनी बुचाच्या पातळ कापात लहान कप्पे पाहिले व त्यांना 'सेल' असे नाव दिले. वस्तुतः त्यांनी पाहिल्या त्या मृत पेशींच्या भिंती होत्या. पुढे लेव्हेनहुक यांनी जिवंत सूक्ष्मजीव पाहिले, तर १८३१ मध्ये रॉबर्ट ब्राऊन यांनी केंद्रकास नाव दिले. १८३८ मध्ये श्लायडेन यांनी वनस्पतींविषयी आणि १८३९ मध्ये श्वान यांनी प्राण्यांविषयी पेशीसिद्धांत मांडला. मात्र नवी पेशी द्रवातून स्फटिकाप्रमाणे तयार होते, ही या दोघांची धारणा चुकीची होती.

ही चूक दाखविणाऱ्यांमध्ये रॉबर्ट रेमाक हे अग्रणी होते. कोंबडीच्या भ्रूणाच्या अभ्यासावरून पेशी केवळ विभाजनानेच निर्माण होते, असे त्यांनी १८५२ मध्ये प्रतिपादन केले. रेमाक ज्यू होते. धर्मांतर न केल्यामुळे प्रशियातील विद्यापीठात त्यांना दीर्घकाळ अध्यापनाचा अधिकार मिळाला नाही. १८५५ मध्ये रुडॉल्फ फिरशो यांनी 'प्रत्येक पेशी पेशीपासूनच' हे सूत्र प्रसिद्ध केले. रेमाक यांना त्यात न्याय्य श्रेय मिळाले नाही, असे अनेक विज्ञान-इतिहासकारांचे मत आहे.

पेशी लहान का राहते?
पेशी विभाजनाने वाढतात हे सिद्ध झाल्यावर, ती एका मर्यादेनंतर विभागते का, हा प्रश्न अटळ ठरला. आकार वाढताना पृष्ठफळ वर्गाच्या व घनफळ घनाच्या प्रमाणात वाढते, हे गॅलिलिओ यांनी १६३८ च्या ग्रंथात स्पष्ट केले होते. १ एकक बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ व घनफळ १ असते. ३ एकक बाजूच्या घनाचे अनुक्रमे ५४ व २७. म्हणजेच हे गुणोत्तर ६ वरून २ वर येते. अन्न, प्राणवायू व टाकाऊ द्रव्ये यांची देवाणघेवाण पटलातून होते. गरज मात्र घनफळानुसार वाढते. त्याच मोठ्या घनाचे २७ लहान घन केले, तर एकूण पृष्ठफळ १६२ होते. विभाजनाचा हा लाभ आहे. शिवाय फिक यांच्या १८५५ च्या विसरण-नियमानुसार अंतर दहापट झाले की विसरणास लागणारा वेळ शंभरपट होतो. १९०३ मध्ये हर्टविग यांनी केंद्रक व पेशीद्रव्य यांच्या प्रमाणाकडेही लक्ष वेधले.

अपवाद नियमालाच पुष्टी देतात. चेतापेशीचा तंतू एक मीटरपर्यंत लांब असला तरी त्याची जाडी काही मायक्रोमीटरच असते. २०२२ मध्ये वर्णन झालेला, ग्वादलूप बेटांवरील खारफुटीत सापडलेला 'थायोमार्गारिटा मॅग्निफिका' हा जीवाणू सुमारे १ सेंटीमीटर लांब असतो. परंतु त्याचा बराचसा अंतर्भाग रिक्तिकेने व्यापलेला असून पेशीद्रव्य कडेलाच असते.

निष्कर्ष :
१) पेशीसिद्धांत ही दोन व्यक्तींची निर्मिती नसून सुमारे दोन शतकांची, चुका व दुरुस्त्यांची प्रक्रिया आहे.
२) पेशीचे लघुत्व हा योगायोग नसून भूमिती व विसरण यांनी घातलेली मर्यादा आहे.
३) रेमाक यांचे नाव वगळून हा सिद्धांत शिकविणे म्हणजे त्यांच्यावरील अन्याय नकळत पुढील पिढीकडे सोपविणे होय. विज्ञान व इतिहास या दोन्ही विषयांच्या अध्यापकांनी याची दखल घेणे आवश्यक आहे.