‘जोरात!’ म्हटलं तरी न ऐकणारा

कोट घेतलात ना? मे महिना म्हणून सुती सदऱ्यावर निघाला असाल तर परत फिरा. हा इंग्लंडातला मे आहे. दुपारभर सरी येऊन गेल्यात आणि वारा असा सुटलाय की टोपी एका हाताने धरूनच चालावं लागतंय. ऑक्सफर्डचा इफ्ली रोड. गुरुवार, ६ मे १९५४, संध्याकाळचे साडेपाच. सायकली टेकवून पोरं मैदानात शिरताहेत, त्यांच्यामागून तुम्हीही घुसा. मोबाइल मात्र खिशातून काढू नका. रेंज तर नाहीच, वर लोकांना उत्तरं देत बसाल आणि शर्यत हुकेल.

वळणाजवळ, अगदी पुढे जागा धरा. डावीकडे ओल्या लोकरीच्या कोटांचा दमट वास, उजवीकडे पाइप ओढणारे एक आजोबा. त्यांचा धूर वारा नेमका तुमच्याच तोंडावर आणून सोडतो. मधूनच एखादा धावपटू अंग गरम करत जवळून जातो, आणि कुणी अमृतांजनची बाटली उघडी ठेवल्यासारखा मलमाचा भपकारा येतो. मागच्या दोन बाया मटणाविषयी बोलताहेत. युद्ध संपून नऊ वर्षं झाली तरी इथे मांसावरचं रेशनिंग अजून उठलेलं नाही. जुलैत उठणार आहे, पण तुम्ही सांगायला जाऊ नका.

आता खाली वाका आणि ट्रॅकला हात लावा. आपल्याला लाल, रबरी ट्रॅकची सवय. हा काळा आहे. कोळशाची जळकी राख पसरून, वर रोलर फिरवून बसवलेला. चिमूटभर घेऊन बोटांत चोळून बघा: खरखरीत, ओलसर, आणि बोटं पुसली तरी काळी ती काळीच. ही राख बुटांच्या खिळ्यांत अडकते, पाऊल जड करते. म्हणून तो उंच, फिकट चेहऱ्याचा तरुण आज सकाळी लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत खिळ्यांना धार लावत बसला होता. धार झाल्यावर राख चिकटू नये म्हणून त्यांवर ग्रॅफाइट घासलं. रॉजर बॅनिस्टर, वय २५, डॉक्टरीचा विद्यार्थी. सराव जेवणाच्या सुट्टीत. धावण्याचे पैसे शून्य, कारण पैसे घेतले की तो हौशी खेळाडू उरत नाही आणि त्याला शर्यतीत उभंच करत नाहीत.

तो सारखा मान वर करून काय बघतोय? शेजारच्या चर्चच्या मनोऱ्यावर सेंट जॉर्जचा झेंडा आहे, तो ताठ फडफडतोय. चार मिनिटांच्या आत मैल अजून कुणालाच जमलेला नाही, आणि एवढ्या वाऱ्यात तो धावायचा म्हणजे उगाच जीव काढणं, असं त्याचं मत. त्याचे दोन दोस्त मात्र वैतागलेत. चष्मेवाला ख्रिस ब्रॅशर आणि लालसर केसांचा ख्रिस चॅटवे. त्यांना साधा प्रश्न पडलाय: आज करायचं की नाही? हो की नाही, एकदाचं सांग बाबा!

या दोघांसाठीच मी तुम्हाला इथे आणलंय. बॅनिस्टरचं नाव तुम्ही शाळेत असल्यापासून ऐकताय. हे दोघे पेसमेकर आहेत. एक मैल म्हणजे या ट्रॅकच्या चार फेऱ्या, आणि चार मिनिटांच्या आत यायचं तर प्रत्येक फेरीला सरासरी साठ सेकंदही मिळत नाहीत. एकट्याने धावलं तर वाराही आपणच कापायचा आणि वेगाचा हिशेबही आपणच ठेवायचा. पुढे कुणी असलं की ही दोन्ही कामं त्याची. मागच्याने फक्त त्याच्या पाठीवर नजर ठेवायची.

पण त्यातही गोम आहे. गेल्या जूनमध्ये लंडनजवळ मॉट्सपर पार्कला बॅनिस्टर ४ मिनिटं २ सेकंदांत धावला. तेव्हा ब्रॅशर मुद्दाम रमतगमत एक फेरी मागे राहिला आणि बॅनिस्टरने गाठल्यावर ताज्या दमाने त्याच्यापुढे धावू लागला. साहेबलोकांच्या भुवया वर गेल्या. ही खरी शर्यत नव्हे, म्हणून ती वेळ मान्यच झाली नाही. तेव्हा आज दोघांनीही शेवटपर्यंत धावायचं आहे. आपल्या काळातले पेसमेकर ठरलेलं अंतर झालं की बाजूला होतात आणि पाकीट घेऊन घरी जातात, ट्रॅकच्या कडेने हिरवे दिवेही पळतात. इथे दिवे नाहीत, पाकीट नाही, आणि अर्ध्यावर थांबायची सोय तर मुळीच नाही.

बघा, झेंडा खाली लोंबला. वारा पडलाय. बॅनिस्टरने मान हलवली. करायचं!

सहा जण रेषेवर. ४१ नंबर बॅनिस्टर. तेवढ्यात ब्रॅशर पिस्तुलाच्या आधीच सुटला. परत बोलावलं. बॅनिस्टरचा चेहरा बघा, पडलेला वारा या खोळंब्यात पुन्हा उठला तर? पुन्हा रेषेवर. बार उडाला, आणि सहा जोड्या खिळे राखेत घुसल्याचा कुरकुर आवाज तुमच्या पायांपर्यंत आला.

ब्रॅशर पुढे, बॅनिस्टर दुसरा, चॅटवे तिसरा. पहिलं वळण, मागची सरळ पट्टी. बॅनिस्टरने गेले काही दिवस सराव थांबवून नुसती विश्रांती घेतलीय, पायांत इतकी रग साठलीय की त्याला हे सगळं हळू वाटतंय. तो ओरडतो, ‘जोरात!’

ब्रॅशर ऐकत नाही. चष्मा नाकावर, हात तसेच हलताहेत, गती तीच. वळून बघणंसुद्धा नाही. त्याला वाढवताच आली नसती असंही म्हणतात. पण माझ्या मते आजच्या संध्याकाळचा सगळा निकाल या एका न ऐकण्यात आहे. पहिली फेरी ५७.५ सेकंदांत झालीय, म्हणजे आधीच जोरात! बॅनिस्टरचं ऐकलं असतं तर तिसऱ्या फेरीत दोघांचेही पाय शिशाचे झाले असते आणि तुम्ही इथे फुकटच भिजला असता. पेसमेकर नुसता दमदार असून भागत नाही, मागच्याचा हट्ट न पुरवण्याइतका दगडही असावा लागतो.

दुसरी फेरी. आजोबांचा पाइप विझलाय, पेटवायचं भान नाही. आतल्या बाजूने प्रशिक्षक फ्रान्झ श्टांफल ओरडतोय, ‘सैल सोड!’ बॅनिस्टरचे खांदे खरोखरच उतरतात. अर्धा मैल, १ मिनिट ५८ सेकंद. ब्रॅशरचं तोंड आता उघडं पडलंय, मान मागे गेलीय. त्याचं संपलं. त्याच क्षणी बाहेरून चॅटवे येतो आणि पुढचा भार उचलतो.

तिसरी फेरी. राखेचा एक तुकडा उडून तुमच्या गालाला लागला, पुसू नका. घंटा! घड्याळात तीन मिनिटं आणि वर थोडं. म्हणजे उरलेली फेरी ५९ सेकंदांच्या आत. आता तुम्हीही ओरडताय, आणि कुठल्या भाषेत ते तुम्हाला कळत नाहीये. मराठीतच ओरडताय. चालेल, या गदारोळात कुणाला फरक पडतोय!

मागच्या सरळ पट्टीवर बॅनिस्टर चॅटवेला मागे टाकून सुटतो. लांब टांगा, मान तिरकी, डोळे अर्धे मिटलेले. शेवटच्या वळणावर तो तुमच्यापासून हातभर अंतरावरून जातो आणि त्याचा श्वास फाटल्यासारखा ऐकू येतो. फीत तुटते. तो पडणारच असतो, पण माणसं झेलतात. पोरं ट्रॅकवर धावत सुटतात. तुम्हीही सुटता.

पण जरा थांबा, शर्यत संपलेली नाही. चॅटवे येतोय, ४ मिनिटं ७ सेकंद. तिसरा टॉम हुलट, डर्बिशरचा, ज्याला बॅनिस्टरने तू तुझी शर्यत पळ असं सांगितलं होतं. आणि त्याच्याही मागे, घामाने थबथबलेला, चष्मेवाला ब्रॅशर, ठरल्याप्रमाणे शेवटपर्यंत.

भोंग्यावर नॉरिस मॅक्‌व्हर्टर. हाच गृहस्थ पुढे जुळ्या भावासोबत गिनीजचं विक्रमांचं पुस्तक काढणार आहे, आणि त्या दोघांची त्या कामासाठी शिफारस करणारा चॅटवेच, कारण तो गिनीजच्या बिअर कारखान्यात नोकरीला आहे. मॅक्‌व्हर्टर मुद्दाम लांबण लावतो: शर्यत क्रमांक नऊ, एक मैल, पहिला नंबर ४१, आर. जी. बॅनिस्टर, कॉलेजांची नावं, मैदानाचा विक्रम, ब्रिटिश विक्रम, युरोपचा, जगाचा... वेळ, तीन...

पुढचं कुणालाच ऐकू आलं नाही. ५९.४ म्हणाला तो, पण मैदानाला ‘तीन’ एवढंच पुरलं. आजोबांनी टोपी वर फेकलीय आणि ती तुमच्या डोक्यावर पडलीय. तिकडे बॅनिस्टर उठलाय. त्याने ब्रॅशरला एका हाताने, चॅटवेला दुसऱ्या हाताने ओढलंय आणि तिघे पुन्हा ट्रॅकवर धावू लागलेत. टोपी परत द्या आणि चला त्यांच्यामागे, यावेळी कितीही हळू धावलात तरी चालतंय.