कप्तानाशी इमान

समुद्रात गेलेल्या नौकेवर कप्तानाचा शब्द हाच कायदा असतो. किनारा दूर, राजा दूर, न्यायासन दूर. वादळ मात्र जवळ. अशा वेळी प्रत्येक खलाशी आपापल्या मताने वागू लागला, तर नौका बुडावयास शत्रूची गरज उरत नाही. परंतु कप्तानाचा हुकूम आणि आपली सदसद्विवेकबुद्धी ह्यांचे जुळेनासे झाले तर काय करावे, हा प्रश्नही नौकानयनाइतकाच जुना आहे. तो तारकांच्या सागरात नेऊन पाहण्याचा एक प्रयत्न अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर झाला. ‘स्टार ट्रेक’ ही ती मालिका होय. ८ सप्टेंबर १९६६ रोजी एनबीसी कंपनीने तिचा प्रारंभ केला आणि ३ जून १९६९ रोजी ७९ व्या भागाने ती संपली.

मालिकेचा जनक जीन रॉडनबेरी हा दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक विभागात बाँबफेकी विमानाचा वैमानिक होता. पुढे त्याने लॉस एंजेलिसच्या पोलीस दलात नोकरी केली. नौकेच्या यंत्रप्रमुखाची भूमिका करणारा जेम्स डूहान ६ जून १९४४ रोजी कॅनडाच्या सैन्याबरोबर नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरला होता. हुकूम देणे आणि हुकूम पाळणे म्हणजे काय, हे ह्या मंडळींना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. कप्तान कर्क कल्पिताना रॉडनबेरीपुढे आदर्श होता तो सी. एस. फॉरेस्टर ह्या इंग्रज कादंबरीकाराच्या हॉर्नब्लोअर ह्या आरमारी नायकाचा. तथापि ह्याच पिढीने १९४५-४६ साली न्यूरेंबर्गचा खटलाही पाहिला होता. वरिष्ठांचा हुकूम होता एवढ्यानेच गुन्हा पुसला जात नाही, असे त्या न्यायासनाने बजावले होते. शिस्तीचा आदर आणि आंधळ्या आज्ञापालनाची धास्ती, ह्या दोन्ही गोष्टी ‘एंटरप्राइझ’ ह्या नौकेवर एकत्र चढल्या त्या अशा.

१७ आणि २४ नोव्हेंबर १९६६ रोजी दोन भागांत दाखविलेली ‘द मेनॅजरी’ ही कथा ह्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. स्पॉक हा कर्कचा पहिला अधिकारी. भावनेपेक्षा तर्काला मानणारा. पूर्वी त्याने पाइक नावाच्या कप्तानाच्या हाताखाली काम केलेले असते. तो पाइक तरुण शिकाऊंना वाचविताना किरणोत्सर्गाने जायबंदी झालेला आहे. खुर्चीला खिळलेला, वाचा गेलेली; दिवा लुकलुकवून ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच तो सांगू शकतो. ज्या ग्रहावर त्याचे उरलेले आयुष्य सुसह्य होऊ शकेल तेथे जाण्यास देहान्ताच्या शिक्षेची बंदी आहे. स्पॉक खोटे हुकूम तयार करतो, कर्कला मागे ठेवतो आणि नौका त्या ग्रहाकडे वळवितो.

हे बंड नव्हे काय? निश्चित आहे. परंतु सामान्य बंडखोर आणि स्पॉक ह्यांच्यात अंतर आहे. त्याला कप्तानपद नको आहे. त्याने कोणाही सोबत्याला कटात ओढलेले नाही. छोट्या यानातून पाठलाग करणाऱ्या कर्कचे इंधन संपते तेव्हा तो त्याला नौकेवर घेतो, आणि स्वतः होऊन अटक करवून घेऊन लष्करी न्यायालयापुढे उभा राहतो. आपल्याला का सांगितले नाहीस, असे कर्क शेवटी विचारतो. देहान्ताच्या शिक्षेत तुम्हाला वाटेकरी कशाला करावयाचे, एकजण पुरे होता, अशा आशयाचे उत्तर स्पॉक देतो. जुन्या कप्तानासाठी त्याने नियम मोडला आणि नव्या कप्तानाला वाचविण्यासाठी मौन पाळले.

ह्याच्या उलट बाजूही मालिकेने लपविली नाही. २० ऑक्टोबर १९६७ च्या ‘द डूम्सडे मशीन’ ह्या भागात आपले सर्व खलाशी गमावलेला डेकर नावाचा वरिष्ठ अधिकारी, सूडाने बेभान होऊन, ‘एंटरप्राइझ’चा ताबा घेतो. नियम त्याच्या बाजूने आहे म्हणून स्पॉक निमूटपणे बाजूला होतो आणि नौका विनाशाच्या तोंडाशी जाते. दुसऱ्या नौकेवर अडकलेल्या कर्कचा आदेश आल्यावर मात्र तोच स्पॉक डेकरला खुर्चीवरून उठवितो. पदाचा मान किती राखावा, हे तर्कशास्त्राने सुटणारे गणित नव्हे, असेच ही कथा सुचविते.

नाटकात मात्र एक सोय असते. पाइकच्या कथेच्या अखेरीस वरिष्ठ बंदी उठवितात आणि स्पॉक सुटतो. व्यवहारात अशी सुटका सहसा मिळत नाही. ही मालिका चालू असतानाच, १६ मार्च १९६८ रोजी, व्हिएतनाममधील माय लाय येथे अमेरिकन सैनिकांनी शेकडो निःशस्त्र ग्रामस्थांची हत्या केली. ह्यू थॉम्प्सन ह्या हेलिकॉप्टर वैमानिकाने आपले यान सैनिक आणि जीव मुठीत धरून बसलेले ग्रामस्थ ह्यांच्या मध्ये उतरविले, आणि सैनिकांनी गोळ्या झाडल्या तर त्यांच्यावर उलट गोळीबार करा, असे आपल्या दोन सोबत्यांना सांगितले. काही ग्रामस्थ त्यामुळे वाचले. त्याच्या वाट्याला पुष्कळ काळ निंदाच आली. सैन्याने शौर्यपदक दिले ते १९९८ साली, तीस वर्षांनंतर.

थॉम्प्सनने सैन्याशी बेइमानी केली, की सैन्याचे इमान त्या दिवशी त्यानेच राखले? कर्कच्या नौकेवरील कथांचे महत्त्व येथे कळते. चांगला नायक केवळ आज्ञाधारक माणसे मिळवीत नाही. वेळ पडल्यास त्याच्या हुकुमाबाहेर जाऊन त्याची परिणती सोसणारी माणसे तो घडवितो. आणि खरा निष्ठावंत तो, जो अवज्ञेची किंमत दुसऱ्याच्या खात्यावर न लिहिता स्वतः मोजतो. तारकांपर्यंत जाणाऱ्या नौकेलाही ह्याहून वेगळे सुकाणू सापडलेले नाही.